मीटिंगची आपोआप टिपणं काढणाऱ्या सेवा: काय सोपवावं, काय सोपवू नये

मीटिंगमधलं बोलणं ऐकून त्याचा मजकूर बनवायचा, कोण काय बोललं ते लिहायचं आणि शेवटी सारांश व कामांची यादी हातात द्यायची, अशा सेवा आता लहानमोठ्या सगळ्याच कंपन्यांमध्ये पोचल्या आहेत. झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि गुगल मीटमध्ये ही सोय आतच मिळते. ऑटरसारख्या स्वतंत्र सेवा आहेत. आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ द्यायचा नसेल, तर ओपनएआयनं सप्टेंबर 2022 मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे आवाजाचा मजकूर बनवणारं मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवता येतं. यातली सगळ्यात सुबक दिसणारी सेवा कोणती, हा या परीक्षणाचा विषय नाही. प्रश्न एवढाच की यामुळे माणसं नीट ऐकतात का आणि निर्णय चांगले होतात का.

मत आधीच सांगायचं तर, नंतर शोधायला आणि पडताळायला या सेवा उत्तम आहेत. "नेमकं काय ठरलं होतं?" यावर होणारी अर्धी भांडणं त्या दोन मिनिटांत मिटवतात. निर्णयाची नोंद म्हणून मात्र त्या अपुऱ्या पडतात. आणि "टिपण येणारच आहे" म्हणून लोक ऐकायचं सोडून देत असतील, तर पैसे भरून नुकसान विकत घेतल्यासारखं होतं.

हातात येणाऱ्या गोष्टी तीन असतात: शब्दशः मजकूर, प्रत्येक वाक्यापुढे बोलणाऱ्याचं नाव, आणि सारांश. तिन्हींची विश्वासार्हता वेगवेगळी असते. मजकूर बराच बरोबर येतो, नावं मध्यम आणि सारांश सगळ्यात कमी. वाचलं जातं ते बरोबर उलट्या क्रमानं, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मजकुराची अचूकता मोजायची रूढ रीत सोपी आहे. बदललेले, गळलेले आणि नसताना घुसलेले शब्द मोजायचे आणि त्या बेरजेला प्रत्यक्ष बोललेल्या शब्दांनी भागायचं. जाहिरातीतली "95 टक्के अचूकता" यावर घासून बघावी. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर तासाभरात 9,000 शब्द होतात, आणि त्यातले 5 टक्के म्हणजे 450 चुका. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात: "तर"चं "ते" झालं म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते तीन ठिकाणी: नावं, आकडे आणि नकार. "सात" आणि "साठ" ऐकायला किती जवळचे आहेत ते बघा. आकड्याला संदर्भाचा आधार फारसा नसतो. "साठ दिवसांची उधारी" आणि "सात दिवसांची उधारी" ही दोन्ही वाक्यं यंत्राला सारखीच शहाणी वाटतात. नकाराचं दुखणं आपल्या वाक्यरचनेमुळे आणखी वाढतं. मराठीत "नाही" वाक्याच्या शेवटी येतं, तिथे आवाज आपोआप खाली गेलेला असतो आणि बरेचदा तेवढ्यात दुसऱ्यानं बोलायला सुरुवातही केलेली असते. "या दरात देता येणार नाही" यातलं शेवटचं पद गळलं की उरलेलं वाक्य मोडकं दिसतं. पुढे सारांश करणारं यंत्र ते स्वतःच्या अंदाजानं सरळ करून टाकतं आणि नकाराचा होकार होतो.

म्हणून मजकूर आल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त आकडे, तारखा, नावं आणि नकार तपासावेत. सगळा मजकूर वाचायची गरज नाही. बऱ्याच सेवांमध्ये शब्दावर टिचकी मारली की त्या जागेचं रेकॉर्डिंग वाजतं. ते ऐकावं आणि चूक तिथेच दुरुस्त करावी. दुरुस्ती सारांश तयार होण्याआधी झाली तरच ती सारांशात उतरते. काही सेवांमध्ये नंतर सारांश पुन्हा काढता येतो, काहींमध्ये नाही. घेण्याआधी हे नक्की विचारून घ्यावं.

व्हिस्पर वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हे मॉडेल आवाज 30 सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं आणि भाषा सांगितली नाही, तर पहिल्या तुकड्यावरून ती ओळखून पुढे तीच धरून चालतं. सुरुवातीचा नमस्कार-चमत्कार इंग्रजीत झाला आणि खरं काम मराठीत, तर पुढचा सगळा मजकूर फसतो. भाषा स्वतः ठरवून द्यावी. लोकांची आणि मालाची नावं सुरुवातीच्या सूचक मजकुरात घालता येतात; पण तिथे जागा 224 टोकनांचीच (टोकन म्हणजे मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत तोडतं तो एक तुकडा), आणि देवनागरीत एकेक अक्षर बरीच टोकनं खातं, त्यामुळे मोजकी महत्त्वाची नावंच बसतात. दुसरी गोष्ट शांततेची. कुणीच बोलत नसताना हे मॉडेल कधी कधी न बोललेली वाक्यं लिहून टाकतं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिस्परच्या सुमारे 1 टक्का मजकुरांमध्ये अशी संपूर्ण बनावट वाक्यं सापडली होती. त्या ध्वनिफितींमध्ये बोलण्यात अडथळा असलेल्या लोकांचे आवाजही होते, म्हणजे थांबे जास्त होते. मीटिंगमध्ये विचार करण्यासाठी घेतलेला लांब थांबा हीच तशी धोक्याची जागा. रेकॉर्डिंगमधले लांब शांत भाग आधी काढून टाकणारं साधन जोडलं की हा त्रास बराच कमी होतो.

आता आवाजाबद्दल. सेवा निवडण्यात लोक आठवडे घालवतात आणि माइककडे बघतही नाहीत. महागडी सेवा आणि वाईट माइक या जोडीपेक्षा साधी सेवा आणि चांगला माइक केव्हाही बरा. कारण भौतिक आहे. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलनं उतरतो. खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. लॅपटॉपपासून अर्ध्या मीटरवर बसलेला माणूस आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तीन मीटरवर बसलेला माणूस यांच्यात सुमारे 15 डेसिबलचा फरक पडतो. लांबच्या माणसाचं बोलणं घुमाऱ्यात बुडतं. लॅपटॉपजवळ सहसा मीटिंग चालवणारा बसतो आणि टोकाला नवखे किंवा कनिष्ठ लोक. त्यामुळे मजकुरात साहेबांचं प्रत्येक वाक्य स्वच्छ येतं आणि ज्याला प्रत्यक्ष काम माहीत आहे त्याच्या बोलण्याच्या जागी अर्धवट शब्द येतात. हा केवळ तांत्रिक दोष म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कोणाचं ऐकलं जातं, हे इथे माइकची जागा ठरवते.

उपाय साधे आहेत. टेबलाच्या मध्यभागी सगळ्या दिशांनी ऐकणारा माइक ठेवावा. टेबल लांब असेल तर दोन ठेवावेत, आणि कुणीही माइकपासून एक-सव्वा मीटरपेक्षा दूर बसू नये. माइकखाली कापड किंवा जाड पुठ्ठा असला की पेन आणि कप आपटल्याचे आवाज कमी होतात. पंख्याचा झोत माइकवर येऊ देऊ नये. गोंगाट दाबण्याची सोय सगळ्यात तीव्र पायरीवर ठेवली तर ती हळू बोलणाऱ्याचा आवाज आणि वाक्यांचे शेवट गिळते. मधली पायरी पुरते. एकाच खोलीत दोन लॅपटॉपचे माइक चालू असतील, तर प्रत्येक वाक्य किंचित उशिरानं दुसऱ्यांदा ऐकू जातं आणि मजकुराचा चिखल होतो.

बिनतारी हेडसेटबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे भलेभले फसतात. गाणी सुंदर ऐकवणारा हेडसेट बोलण्यासाठीही सुंदर असेल असं नाही. त्याचा माइक चालू झाला की ब्लूटूथ फोनच्या पद्धतीवर उतरतं. तिथल्या जुन्या पद्धतीत आवाजाचे नमुने सेकंदाला 8,000 घेतले जातात, त्यानंतरच्या पद्धतीत 16,000. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज टिपता येतो, म्हणजे आठ हजार नमुन्यांत 4,000 हर्ट्झच्या वरचा सगळा आवाज गेला. "स", "श", "फ" यांची ओळख पटवणारा बराचसा भाग तिथेच असतो. ऐकायला ब्लूटूथ आणि बोलायला तारेचा माइक, अशी विभागणी सेटिंगमध्ये करता येते. त्याला काही खर्च येत नाही आणि मजकूर लगेच सुधारतो.

बोलणाऱ्यांची नावं लावण्याचं काम प्रत्येक जण आपापल्या संगणकावरून जोडलेला असेल तर चोख होतं, कारण प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वाटेनं येतो. एका खोलीत, एका माइकवर सहा जण असतील तर यंत्राला आवाजाच्या पोतावरून माणसं वेगळी करावी लागतात. दोघं एकदम बोलले किंवा कुणी नुसतंच "हो, चालेल" म्हणालं की ते चुकतं, कारण इतक्या छोट्या तुकड्यातून ओळख पटायला पुरेसा आवाजच मिळत नाही. आणि संमती नेमकी अशाच दोन शब्दांत दिली जाते. विक्री विभागाचं "चालेल" हिशेब बघणाऱ्याच्या नावावर पडलं तर पुढे महिनाभर वाद चालतो. यावर एकच भरवशाची सवय आहे: ठराव पक्का करताना नाव घेऊन विचारावं आणि उत्तर पूर्ण वाक्यात घ्यावं. "हिशेबाच्या बाजूनं मान्य आहे, 45 दिवसांपर्यंत." असं वाक्य यंत्रालाही कळतं आणि माणसालाही.

सारांश ही या सेवांची सगळ्यात आकर्षक बाजू आहे आणि सगळ्यात कच्चीही. वाक्यं नीटनेटकी, मुद्दे क्रमानं, कामांपुढे नावं. वाचणाऱ्याला वाटतं की सगळं ठरलेलं आहे. हा नीटनेटकेपणाच फसवतो. सारांशात पहिल्यांदा गळते ती अट. "ॲडव्हान्स वेळेत आला तर महिनाअखेर माल निघेल" याचं "माल महिनाअखेर निघेल" होतं. त्यानंतर गळते अनिश्चितता. "जमेल बहुतेक", "बघतो", "हरकत नसावी" ही सगळी उत्तरं कामांच्या यादीत एकाच ठाम क्रियापदात बसवली जातात. आपल्याकडे "बघू" म्हणणारा माणूस बरेचदा सौम्यपणे नाहीच म्हणत असतो. यादीत मात्र तो "तपासून कळवणार" झालेला असतो. आणि जे कधी सारांशात येऊच शकत नाही ते म्हणजे कुणी काय बोललं नाही. प्रश्न विचारला, चार सेकंद शांतता पसरली आणि मग विषय बदलला, ही मीटिंगमधली सगळ्यात महत्त्वाची घटना असू शकते; तिचा शब्द होत नाही, म्हणून तिची नोंदही होत नाही.

शब्द अगदी बरोबर टिपला गेला तरी अर्थ एक असेल असं नसतं. याचं उत्तम उदाहरण अमेरिकी गुप्तचर विश्लेषक शर्मन केंट यांनी नोंदवून ठेवलं आहे. 1951 मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची "गंभीर शक्यता" आहे असा अहवाल त्यांच्या गटानं दिला. केंट यांच्या मनात तेव्हा शंभरात 65 असं प्रमाण होतं. नंतर त्यांनी गटातल्या लोकांना विचारलं, तर हाच शब्द मान्य करणाऱ्यांच्या मनातले अंदाज 20 पासून 80 पर्यंत पसरलेले निघाले. सही एकाच वाक्यावर आणि समजुती निराळ्या. "ऑर्डर मिळायची चांगली शक्यता आहे" हे वाक्य कोणतीही सेवा अचूक लिहील. मात्र "चांगली म्हणजे शंभरात किती?" हे विचारण्याचं काम खोलीतल्या माणसाचंच आहे.

इथून ऐकण्याकडे येऊ. टिपण यंत्रावर सोपवल्यानं हात मोकळे होतात आणि मान वर राहते, हा खरा फायदा आहे. सगळं शब्दशः उतरवायच्या नादात समोरच्याचा चेहरा बघायचा राहून जातो. पण हात मोकळे झाले म्हणून लक्षही मोकळं सोडलं तर काही हाती लागत नाही. लॅपटॉपवर आणि हातानं टिपणं घेणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना करणारा 2014 चा प्रसिद्ध अभ्यास सांगतो की टंकणारे शब्दशः उतरवत जातात, हातानं लिहिणारे निवडून, आपल्या शब्दांत मांडतात. परीक्षेतल्या गुणांवरचा परिणाम नंतर केलेल्या पुनरावृत्तीत टिकला नाही, त्यामुळे "हातानं लिहिलं की जास्त समजतं" असं सरसकट म्हणू नये. टिपणं घेण्याच्या पद्धतीतला फरक मात्र दोन्हीकडे दिसला, आणि मीटिंगसाठी तोच कामाचा आहे. निवडण्यासाठी ऐकावं लागतं. म्हणून सेवा चालू असतानाही प्रत्येकासमोर कोरा कागद असावा आणि त्यावर तीनच गोष्टी लिहाव्यात: समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत, मनात आलेला प्रश्न, आणि जिथे बोलणाऱ्याचा सूर बदलला ती जागा. वेळही टाकली तर नंतर रेकॉर्डिंगमध्ये ती जागा लगेच सापडते. दहा भाषांमधल्या संभाषणांच्या 2009 मधल्या अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास आढळलं. इतक्या कमी वेळात उत्तर सुचत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवत असतो आणि त्याच्या वाक्याचा शेवट अर्धवट ऐकतो. वर म्हटलं तसं, आपला नकार बरेचदा तिथेच असतो.

यावरचा उपाय शाळेतल्या वर्गांवरच्या संशोधनातून आला आहे. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मीटिंगमध्ये हेच करावं: प्रश्नानंतर तीन सेकंद, आणि उत्तर संपल्यासारखं वाटल्यावर पुन्हा तीन सेकंद. दुसरा थांबा जास्त मोलाचा, कारण "पण एक आहे..." हे त्यानंतर येतं. दूरच्या मीटिंगमध्ये हे आणखी गरजेचं आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूनं पोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर संभाषण सहसा सुरळीत चालतं. खराब जोडणीत हा उशीर वाढतो, लोक एकमेकांवर आदळतात, आणि संकोची माणूस दोनदा आदळल्यावर गप्प बसतो. सेवेच्या अहवालात "बोलण्याचा वाटा" टक्क्यांत दिसतो. तो बघावा, पण त्यावरून कुणाला झापू नये; कुणाला मुद्दाम विचारायचं राहिलं ते शोधायला वापरावा.

निर्णयाच्या नोंदीत काय असावं, याचा विचार करताना उड्डाणानंतर लगेच नष्ट झालेल्या चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाची आठवण येणं अटळ आहे. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी नासाबरोबरच्या दूरध्वनी परिषदेत सांगितलं की 53 अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सिअसच्या खाली, उड्डाण करू नये. कंपनीनं आपसात बोलण्यासाठी पाच मिनिटं मागितली. ती चर्चा अर्धा तास चालली. परत आल्यावर व्यवस्थापनानं उड्डाणाची शिफारस केली. कुणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारल्यावर कुणी बोललं नाही. मग एका पानाचा सही केलेला फॅक्स गेला. उड्डाण करावं हे त्या पानावर स्पष्ट होतं. अभियंत्यांनी विरोध केला होता, हे त्यावर नव्हतं. आजची कोणतीही सेवा त्या परिषदेचा मजकूर छान देईल, पण आपसातल्या चर्चेसाठी ओळ म्यूट केली की यंत्रालाही काही ऐकू येत नाही. तिथे काय घडलं ते कुणीतरी परत येऊन सांगायला आणि लिहायला लागतं.

म्हणून मजकूर आणि सारांश यंत्रावर सोपवावेत आणि निर्णयाची नोंद एका माणसानं, मीटिंग संपण्याआधी, सगळ्यांसमोर लिहावी. सहा ओळी पुरतात. नमुना असा:

निर्णय: दुसरा पुरवठादार जोडायचा, पहिल्या तिमाहीत एकूण खरेदीच्या 20 टक्के त्याच्याकडून.
कारण: पहिल्याकडून माल वेळेत येत नाही आणि पर्याय नसल्यानं दर वाढवून मागितला जातो.
नाकारलेला पर्याय: साठा वाढवणं; भांडवल अडकतं.
विरोध: दर्जा तपासणीचं मत वेगळं, नव्याच्या नमुन्यांत मापाचा फरक जास्त आहे.
अंदाज: तिमाहीअखेर उशिराच्या खेपा निम्म्या होतील, 70 टक्के खात्री.
फेरविचार: परत आलेला माल 3 टक्क्यांवर गेला तर लगेच, नाहीतर तिमाहीअखेर.

चौथी ओळ रिकामी राहिली तर नोंद पूर्ण धरू नये. विरोध नसेल तर "विरोध विचारला, नव्हता" असं लिहावं, म्हणजे विचारलं गेलं एवढं तरी नक्की होतं. विचारूनही कुणी बोलत नसेल तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 2007 मधल्या एका लेखात मांडलेली पद्धत चालते: निर्णय घेऊन वर्ष झालं आणि तो पार फसला असं गृहीत धरायचं, आणि प्रत्येकानं तो का फसला याची कारणं आधी कागदावर, एकट्यानं लिहायची. मग फेरीनं एकेक वाचायची. "विरोध" या शब्दाला बिचकणारी माणसं इथे मोकळेपणानं लिहितात. ही फेरी सुरू असताना रेकॉर्डिंग बंद ठेवणं चांगलं; लाल दिवा चालू असताना माणसं जपून बोलतात.

पाचव्या ओळीतल्या टक्क्यांचा उपयोग वर्षभरानं कळतो. ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी दिलेला हिशेब इथे लागू पडतो. गोष्ट घडली तर 1, नाही तर 0 धरायचं, त्यातून अंदाज वजा करायचा आणि वर्ग करायचा. 70 टक्के म्हटलं आणि घडलं तर 0.09; नाही घडलं तर 0.49. सगळ्या निर्णयांची सरासरी काढायची. प्रत्येक वेळी 50 टक्के म्हणत बसलेल्याचा आकडा 0.25 येतो, तेव्हा आपला त्याहून मोठा असेल तर आपली खात्री खोटी आहे. वीस-पंचवीस नोंदी जमल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. एखाद्या निर्णयाचा निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, आणि नशिबानं तरलेला निर्णय शहाणाही ठरत नाही. नोंद असेल तरच हा फरक करता येतो.

सेवा कुणी घ्यावी? ज्यांच्या मीटिंगा ग्राहकांच्या मागण्यांभोवती असतात, तपशील खूप असतो आणि उपस्थित नसलेल्यांपर्यंत तो पोचवायचा असतो, त्यांनी जरूर घ्यावी. दोघाचौघांनी समोरासमोर बसून पंधरा मिनिटांत ठरवायच्या गोष्टींसाठी ती ओझंच होते. कामगिरीचं मूल्यमापन, तक्रार, नोकरीवरून काढण्याचा विषय आणि वकिलाशी चर्चा यांत ती चालू ठेवू नये. रेकॉर्डिंगची कल्पना सगळ्यांना आधी द्यावी आणि संमती घ्यावी. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी खासगी संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती कायद्यानंच लागते, आणि समोरचा माणूस कुठे बसला आहे हे आपल्याला दरवेळी माहीत नसतं. मूळ आवाज किती दिवस ठेवायचा तेही ठरवावं: मजकूर तपासून होईपर्यंत आवाज, काम संपेपर्यंत मजकूर, आणि निर्णयाची नोंद कायम, ही विभागणी बहुतेकांना पुरते. आपला आवाज मॉडेल शिकवायला वापरला जातो का, हे करारात वाचावं. बंद करायचं बटण असलं तरी ते कुणाच्या खात्यावर चालतं, प्रत्येकाच्या की प्रशासकाच्या, तेही बघावं.

पैसे भरण्याआधी चाचणी घ्यायची तर दाखवण्यासाठी बनवलेल्या स्वच्छ ध्वनिफितीवर घेऊ नये. आपल्याच खोलीत, आपल्याच माइकवर, वीस मिनिटांची मुद्दाम आखलेली मीटिंग करावी. तीत दहा आकडे, पाच नकार, पाच अटी, तीन ठिकाणी दोघांचं एकदम बोलणं आणि एक अर्ध्या मिनिटाची शांतता असावी. नेहमीसारखी मराठी-इंग्रजी मिसळ हवीच. काय बोललं जाणार ते कागदावर आधी लिहून ठेवावं. मग मजकुरात दहापैकी किती आकडे आणि पाचपैकी किती नकार टिकले ते मोजावं, आणि सारांशात किती अटी शिल्लक राहिल्या ते वेगळं मोजावं. आकडे नऊच्या खाली आले तर सेवा बदलण्याआधी माइक बदलून पुन्हा चाचणी घ्यावी. पाचपैकी एकही नकार होकार झालेला दिसला, तर त्या सेवेची कामांची यादी आपोआप ईमेलनं जाण्याची सोय बंद ठेवावी आणि यादी माणसाच्या नजरेखालून गेल्यावरच पुढे पाठवावी.